सॉर्ट केल्यावर ‘नाव’ नावाचा सभासद यादीत कसा शिरतो? हेडर असलेलं पत्रक बिनचूक लावण्याची पद्धत

यादी नावाप्रमाणे लावायला सांगितली की एक प्रकार हटकून घडतो. ए-झेडचं बटण दाबलं जातं, यादी अकारविल्हे लागते, प्रिंट निघते, नोटीस बोर्डावर चिकटते. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की नलिनीताई आणि निलेश यांच्या मधोमध ‘नाव’ नावाचे एक सभासद येऊन बसलेत. त्यांचा फ्लॅट क्रमांक ‘फ्लॅट’ आणि थकबाकी ‘बाकी’. ही चूक परवडली, कारण ती दिसते.

न दिसणारी चूक मी स्वतः केलेली आहे. एका सोसायटीचे हिशोब बघत होतो. थकबाकी मोठ्यापासून लहानापर्यंत हवी होती, म्हणून फक्त बाकीचा रकाना निवडला. एक्सेलने काहीतरी विचारलं, ते न वाचता पुढे गेलो. आकडे खाली-वर झाले, नावं मात्र होती तिथेच राहिली. पत्रक दिसायला एकदम देखणं! चार दिवसांनी एक आजोबा वर्षभराच्या पावत्यांची पिशवी घेऊन दारात उभे. त्यांनी सगळे पैसे आगाऊ भरले होते आणि थकबाकीची नोटीस त्यांनाच गेली होती.

दोन्ही चुकांचं मूळ एकच. पत्रकात हेडर, म्हणजे रकान्यांच्या नावांची वरची ओळ, कुठे संपतं, माहिती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते, हे आपण संगणकाला सांगत नाही. तो अंदाज बांधतो. खालचे टप्पे त्याला अंदाज बांधायला जागा न ठेवण्यासाठी आहेत. उदाहरण म्हणून नेहमीचं सोसायटीचं पत्रक घेऊ: ८४ फ्लॅट, पहिल्या ओळीत संस्थेचं नाव, दुसरीत आर्थिक वर्ष, तिसरीत ‘सभासद’ आणि ‘देखभाल शुल्क’ अशी मर्ज केलेली (अनेक चौकटी जोडून एक केलेली) मोठी शीर्षकं, चौथीत खरे रकाने (अ.क्र., विंग, फ्लॅट, नाव, मागणी, जमा, बाकी, पावती दिनांक, शेरा), पाचवीपासून अठ्ठ्याऐंशीवीपर्यंत सभासद आणि एकोणनव्वदावीत ‘एकूण’. शाळेचं निकालपत्रक किंवा दुकानाची उधारीची यादी असली तरी सांगाडा साधारण हाच असतो.

## टप्पा १: आधी परतीची वाट

फाइलची प्रत काढा. नावात तारीख घाला. ‘अंतिम’, ‘अंतिम-२’, ‘खरंच अंतिम’ असली नावं नकोत.

मग शेवटच्या रकान्याला अगदी लागून ‘मूळ क्रम’ नावाचा नवा रकाना करा आणि त्यात १ ते ८४ आकडे भरा. सूत्र नको, साधे आकडे. पहिल्या दोन चौकटींत १ आणि २ लिहा, दोन्ही निवडा आणि खाली ओढा. नुसता १ लिहून ओढलात तर एक्सेल सगळीकडे १ च भरतो, म्हणून शेवटच्या ओळीत ८४ आलाय ना ते बघा.

‘अ.क्र. आहे की, मग हा दुसरा कशाला?’ असं बरेच जण विचारतात. सॉर्ट झाल्यावर अ.क्र. विस्कटतो आणि आपण तो पुन्हा १ पासून भरतो. भरला की जुना क्रम कायमचा गेला. मूळ क्रमाला मात्र कुणी हात लावायचा नाही. कंट्रोल-झेडच्या भरवशावर राहू नका; फाइल सेव्ह करून बंद केली की ती सोय संपते.

## टप्पा २: माहितीला चारी बाजूंनी कुंपण

माहितीच्या मधल्या कुठल्याही एका चौकटीत क्लिक करा आणि कंट्रोल-ए दाबा. एक्सेल जेवढा भाग निवडेल तेवढंच त्याच्या लेखी तुमचं पत्रक. पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा रकाना लागला की तो थांबतो. निवड तशीच ठेवून कंट्रोल आणि पूर्णविराम एकत्र दाबत राहा. कर्सर निवडीच्या चारही कोपऱ्यांवर फिरतो. मोठ्या पत्रकात स्क्रोल करत बसण्यापेक्षा हे बरं.

इथे तीन गोष्टी सापडतात.

पहिली, मधला रिकामा रकाना. छापताना जरा मोकळं दिसावं म्हणून ‘पावती दिनांक’ आणि ‘शेरा’ यांच्या मध्ये कुणीतरी एक रकाना सोडलेला असतो. मग सॉर्टमध्ये शेरा मागेच राहतो आणि ‘प्रकरण कोर्टात’ हा शेरा भलत्याच माणसापुढे जाऊन बसतो. तो रकाना काढून टाका. मोकळेपणा हवा असेल तर रकान्याची रुंदी वाढवा.

दुसरी, तळाची ‘एकूण’ची ओळ. ती माहितीला चिकटून असेल तर संगणकासाठी तोही एक सभासदच. आणि त्याची बाकी सगळ्यांत मोठी असल्यामुळे उतरत्या क्रमात तो थेट पहिल्या नंबरवर. शेवटच्या सभासदानंतर एक रिकामी ओळ घाला, म्हणजे एकूण नव्वदाव्या ओळीत जाईल आणि कुंपणाबाहेर राहील.

तिसरी, छपाईसाठी दर पंचवीस ओळींनंतर पुन्हा चिकटवलेलं हेडर आणि ‘मागील पानावरून पुढे’च्या ओळी. वहीतली ही सवय संगणकावर आली की सॉर्टचा बोजवारा उडतो. या सगळ्या ओळी काढा. प्रत्येक पानावर हेडर छापून हवं असेल तर ‘पेज लेआउट’मध्ये ‘प्रिंट टायटल्स’ आहे. तिथे ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ या खान्यात हेडरची ओळ द्या.

## टप्पा ३: दोन ओळींच्या हेडरची एक ओळ

इथे सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

एक्सेलच्या सॉर्टमध्ये ‘माय डेटा हॅज हेडर्स’ अशी एक खूण असते. ती केली की निवडलेल्या भागाची पहिली ओळ हेडर धरली जाते. फक्त पहिली. हेडर दोन ओळींचं असेल तर वरची ‘देखभाल शुल्क’वाली ओळ जागेवर राहते आणि खालची ‘मागणी, जमा, बाकी’ सभासदांत मिसळते. शिवाय मर्ज केलेल्या चौकटी निवडीत आल्या की सगळ्या मर्ज चौकटी एकाच आकाराच्या असाव्यात असं सांगून एक्सेल सॉर्टच करत नाही. वैताग येतो, पण हा अडथळा तुमच्या फायद्याचा आहे.

सोपा उपाय: वरच्या शीर्षकातला अर्थ खालच्या ओळीत उतरवा. ‘मागणी’चं ‘शुल्क मागणी’, ‘जमा’चं ‘शुल्क जमा’. प्रत्येक रकान्याला एकच नाव आणि कुठलंही नाव दोनदा नको. मग तिसऱ्या ओळीतली मर्ज काढून ती ओळ पूर्ण रिकामी करा. म्हणजे संस्थेचं नाव वर, मधे रिकामी ओळ, चौथ्या ओळीत हेडर, खाली माहिती. आता कंट्रोल-ए दाबलं तर चौथ्या ते अठ्ठ्याऐंशीव्या ओळी निवडल्या जातील, ना कमी ना जास्त.

वरिष्ठांना दोन ओळींचंच हेडर हवं असेल तर: होतं असं. नमुना ठरलेला असतो, बदलता येत नाही. मग संगणकाला निवडू देऊ नका, स्वतः निवडा. हेडरची खालची ओळ धरून शेवटच्या सभासदापर्यंत सगळे रकाने निवडा आणि हेडरची खूण ठेवा. किंवा हेडर अजिबात न घेता फक्त सभासदांच्या ओळी निवडा आणि खूण काढा. यांपैकी एकच करा. नुसती माहिती निवडून खूण तशीच ठेवली तर पहिला सभासद हेडर समजला जातो आणि कसंही सॉर्ट करा, तो पठ्ठ्या वरच्या जागेवरून हलत नाही.

माहितीतल्या मर्ज चौकटीही काढायच्या. ‘ए’ विंगचे २८ फ्लॅट आणि डावीकडे एकच उभी मर्ज चौकट, हे चित्र ओळखीचं असेल. मर्ज काढली की ‘ए’ फक्त पहिल्या ओळीत उरतो, बाकी २७ रिकाम्या. त्या भरण्यासाठी विंगचा रकाना (फक्त सभासदांच्या ओळींपुरता) निवडा, एफ-५ दाबून ‘स्पेशल’मध्ये ‘ब्लँक्स’ घ्या, बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण दाबा आणि शेवटी कंट्रोल-एंटर. नंतर तो रकाना कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधून ‘व्हॅल्यूज’ म्हणून त्यावरच चिकटवा. हे विसरलात तर प्रत्येक चौकट वरच्या चौकटीकडे बघत राहते आणि सॉर्ट झाल्यावर विंगा बदलतात. ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेल्या चौकटीही याच वेळी भरून टाका.

## टप्पा ४: एका रकान्यात एकच जात

एक्सेल चढत्या क्रमात आधी संख्या लावतो, मग मजकूर. रिकाम्या चौकटी चढत्या-उतरत्या कुठल्याही क्रमात शेवटीच. त्यामुळे एका रकान्यात संख्या आणि मजकूर मिसळले की एका यादीच्या दोन याद्या होतात, एकीखाली दुसरी.

रकमा. ‘५०००/-’ ही संख्या नाही. ‘रु. ५०००’ हीसुद्धा नाही. आणि ‘निरंक’ तर नाहीच. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ‘/-’ शोधून त्याजागी काहीच न देता बदला, ‘रु.’चंही तसंच करा आणि ‘निरंक’च्या जागी शून्य घाला. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर फॉरमॅटमधून आणा, टाइप करू नका. देवनागरी आकडे टाइप केले असतील तर ते संख्या म्हणून बसलेत असं गृहीत धरू नका. रकान्याचं अलाइनमेंट कुणी बदललेलं नसेल तर संख्या आपोआप उजवीकडे सरकते आणि मजकूर डावीकडे. शंका असेल तर बाजूच्या चौकटीत ‘इजनंबर’ फंक्शन लावा.

तारखा. ‘०५.०४.२०२४’ अशी ठिपक्यांची तारीख कार्यालयांत सर्रास लिहिली जाते आणि एक्सेलमध्ये बहुतेक वेळा ती मजकूर म्हणूनच बसते. मग सॉर्ट आधी दिवसाच्या आकड्यावर होतं: सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र, मग दोन तारखा. याहून वाईट अवस्था संगणकाची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तेव्हा. ५ एप्रिल हा ४ मे होतो आणि १३ एप्रिल मजकूर राहतो, कारण तेरावा महिनाच नाही. रकाना निवडून ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडा, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ घ्या आणि दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्या. ठिपक्यांच्या तारखांना हा उपाय पुरतो. महिना आणि दिवसाची आधीच अदलाबदल झाली असेल तर मात्र मूळ पावत्या समोर घेऊन बसण्याला पर्याय नाही.

फ्लॅट क्रमांक. ‘ए-१०१’, ‘ए-२०१’, ‘ए-११०२’ ही मजकूर म्हणून लावली तर अकरावा मजला दुसऱ्याच्या आधी येतो. विंग वेगळी आणि क्रमांक वेगळा, असे दोन रकाने ठेवा.

नावं. नावाच्याच चौकटीत ‘श्री.’ आणि ‘सौ.’ असतील तर यादी श आणि स या दोनच अक्षरांत विभागली जाते. संबोधनाला वेगळा रकाना द्या. आडनावाप्रमाणे हवं असेल तर आडनावही वेगळं. व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावांआधी कधी कधी एक स्पेस असते आणि तेवढ्यावर ती यादीच्या डोक्यावर जाऊन बसतात. ‘ट्रिम’ फंक्शन ती काढतं. क्षीरसागर आणि ज्ञानेश्वर कुठे गेले तेही एकदा बघा. आपण त्यांना वर्णमालेच्या शेवटी शोधतो. तुमचा प्रोग्रॅम त्यांना क आणि ज मध्येही टाकू शकतो.

> जुन्या फॉन्टची यादी असेल तर थांबा. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, आणि सॉर्ट त्यांच्याच क्रमाने होतं. त्यात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते. त्यामुळे किसन, दिलीप आणि विजय एका गठ्ठ्यात येतात आणि कमल दुसरीकडेच. अशी यादी आधी युनिकोडमध्ये (जिथे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात) बदला, मगच सॉर्टचा विचार करा.

## टप्पा ५: सूत्रं कुणाकडे बघतायत?

बाकी म्हणजे त्याच ओळीतली मागणी वजा जमा असेल तर काळजी नाही. ओळ कुठेही गेली तरी सूत्र आपल्याच ओळीतले आकडे घेतं. धोका आहे तो वरच्या ओळीकडे बघणाऱ्या सूत्रांना. कॅशबुकातली चालू शिल्लक म्हणजे वरची शिल्लक अधिक जमा वजा खर्च. असं पत्रक रकमेप्रमाणे सॉर्ट केलं की शिल्लकीचा रकाना निरर्थक होतो आणि तरीही आकडे नीटनेटके दिसत राहतात. कॅशबुक तारखेशिवाय दुसऱ्या कशावर लावायचं असेल तर दुसऱ्या शीटवर प्रत काढा आणि तिथला शिल्लकीचा रकाना उडवून टाका.

## टप्पा ६: लपलेलं सगळं बाहेर काढा

फिल्टर काढा, लपवलेल्या ओळी आणि रकाने उघडा. एक्सेल लपलेल्या ओळी सॉर्टमध्ये हलवत नाही. त्या तिथेच राहतात आणि बाकीच्या त्यांच्या आजूबाजूने फिरतात. डावीकडच्या ओळींच्या आकड्यांत कुठे उडी दिसते का, ते बघा.

## टप्पा ७: आता सॉर्ट

सॉर्टच्या आधी टप्पा ८ मधला गाठीचा रकाना करून ठेवा.

एक्सेलमध्ये. ए-झेडचं छोटं बटण विसरा. ते हेडर आहे की नाही हे स्वतःच ठरवतं, आणि हेडरही मजकूर, माहितीही मजकूर असेल तर चुकू शकतं. सुरुवातीचे ‘नाव’ नावाचे सभासद त्यातूनच जन्माला आले. ‘डेटा’ टॅबमधलं मोठं ‘सॉर्ट’ उघडा.

१. माहितीत क्लिक करून कंट्रोल-ए. निवड चौथ्या ओळीपासून आहे ना, ते बघा.

२. ‘माय डेटा हॅज हेडर्स’वर खूण करा.

३. ‘सॉर्ट बाय’ची यादी उघडा आणि वाचा. तिथे विंग, फ्लॅट, नाव असे शब्द दिसले तर हेडर बरोबर पकडलं गेलंय. ‘कॉलम ए’, ‘कॉलम बी’ दिसलं तर खूण नाही. ‘देखभाल शुल्क’ किंवा एखाद्या सभासदाचं नाव दिसलं तर निवड चुकलीय. रद्द करून मागे या. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. दोन सेकंद लागतात.

४. आधी विंग निवडा, मग ‘ॲड लेव्हल’ करून फ्लॅट. मोठा निकष वर, छोटा खाली. उलटं झालं तर तिन्ही विंगांचे १०१ एकत्र येतील.

५. ओके.

मधेच ‘सॉर्ट वॉर्निंग’ची चौकट आली तर ‘एक्स्पांड द सिलेक्शन’च्या फंदातही पडू नका. ती आली याचा अर्थ तुम्ही एकच रकाना निवडलाय. रद्द करा आणि पहिल्यापासून या. लक्षात घ्या, ही चौकट एकच रकाना निवडला तरच येते. दहांपैकी दोन-तीन रकाने निवडलेत तर एक्सेल काहीही न बोलता तेवढेच हलवतो.

एकच पत्रक वर्षभर वापरायचं असेल तर कंट्रोल-टी दाबून त्याचं टेबल करा. मग हेडर कायमचं ठरतं आणि टेबलचीच ‘टोटल रो’ वापरली तर एकूणही सॉर्टमधून बाहेर राहतं.

गुगल शीट्समध्ये. इथे नियम वेगळे आहेत आणि एक्सेलची सवय असलेले इथेच फसतात. एक्सेलमध्ये फ्रीझ केलेल्या ओळी फक्त दिसायला स्थिर असतात, सॉर्टशी त्यांचा संबंध नाही. गुगल शीट्समध्ये ‘सॉर्ट शीट’ करताना फ्रीझ केलेल्या ओळी खरोखर जागेवर राहतात, मग त्या चार असल्या तरी. पण ‘सॉर्ट शीट’ उरलेलं सगळं हलवतं, तळाच्या ‘एकूण’सकट, तुम्ही सोडलेली रिकामी ओळ तिला अडवत नाही. म्हणून मी ते वापरत नाही. हेडर ते शेवटचा सभासद एवढा भाग निवडा, ‘डेटा’मध्ये ‘सॉर्ट रेंज’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड रेंज सॉर्टिंग ऑप्शन्स’, मग ‘डेटा हॅज हेडर रो’वर खूण. पुढचे निकष ‘ॲड अनदर सॉर्ट कॉलम’ने. फाइल कमिटीतल्या पाचजणांकडे असेल तर तुम्ही सॉर्ट केलं की पाचही जणांचा क्रम बदलतो. फक्त स्वतःपुरतं बघायचं असेल तर ‘फिल्टर व्ह्यू’ करून त्यात सॉर्ट करा.

लिब्रेऑफिसमध्ये ‘डेटा’ मेनूतल्या ‘सॉर्ट’मध्ये ‘रेंज कंटेन्स कॉलम लेबल्स’ अशी खूण असते. काम तेच.

## टप्पा ८: बेरीज जुळली म्हणून बरोबर नाही

बहुतेक जण एकूण तपासतात आणि निश्चिंत होतात. मीही झालो होतो. रकाना एकटा हलला तरी त्याची बेरीज तीच राहते. आजोबांच्या नोटिसीच्या दिवशीही बेरीज पैशापर्यंत जुळत होती. तपासायची असते ती आडवी जोडी.

सॉर्टच्या आधी मूळ क्रमाला लागून एक रकाना करा. त्यात विंग, फ्लॅट, नाव आणि बाकी ‘अँड’च्या चिन्हाने (&) जोडून एक ओळ बनवा आणि ती ‘व्हॅल्यूज’ म्हणून तिथेच चिकटवा. ही त्या सभासदाची गाठ. सॉर्टमध्ये हा रकानाही बरोबर घ्या. नंतर बाजूला तेच जोडणारं सूत्र पुन्हा लिहा आणि ‘एक्झॅक्ट’ फंक्शनने दोन्ही ताडून बघा. एकही ‘फॉल्स’ आला तर प्रिंट काढू नका. रकाने खूप असतील तर पावती दिनांक आणि शेराही गाठीत घ्या. घसरतात ते बहुधा कडेचेच रकाने.

एवढं करायला वेळ नसेल तर निदान तीन सभासद कागदावर लिहून ठेवा: एक वरचा, एक मधला, एक तळाचा. सॉर्टनंतर त्यांची आख्खी ओळ जुळवा.

## चुकलंच तर

फाइल उघडी असेल तर कंट्रोल-झेड. सगळे रकाने एकत्र हलले असतील तर मूळ क्रमावर चढत्या क्रमाने सॉर्ट करा, पत्रक होतं तसं होईल. पण एखादा रकाना एकटा हलला असेल तर मूळ क्रम काही करू शकत नाही, कारण तो रकाना त्याच्याबरोबर गेलेलाच नसतो. तिथे पहिल्या टप्प्यातली प्रत उघडायची. गुगल शीट्समध्ये ‘फाइल’ मेनूतल्या ‘व्हर्जन हिस्टरी’तून आधीची अवस्था परत आणता येते.

सगळं जुळलं की अ.क्र. पुन्हा १ पासून भरा. हे काम अगदी शेवटी, पडताळणी झाल्यावरच. गाठीचा रकाना काढून टाका. मूळ क्रमाचा रकाना ठेवा, फक्त प्रिंट एरियाच्या बाहेर; नाहीतर सर्वसाधारण सभेत कुणीतरी उठून विचारतं, दोन-दोन अनुक्रमांक कशाला?